विमानाच्या पाळण्याचा पहिला मान

माझ्या सख्ख्या भावाने आम्हाला फसवलं. हे आधीच सांगून टाकते. पोटात एक आणि ओठांवर दुसरं ठेवायची मला सवय नाही, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. लोक मला सांगतात, भावाबद्दल असं बोलू नये, काही झालं तरी रक्ताचं नातं. अहो, रक्ताचं नातं आहे म्हणून तर फसवता आलं त्याला! परक्याने बोलावलं असतं तर गावाने चारदा विचार केला असता.

मी शहापुरात ब्लाउज शिवते. लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच आहे. माहेर धसईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे आई एकटी असते. म्हणजे एकटी म्हटलं की ती चिडते. "एकटी कशी गो? गाव नाय काय?" असं विचारते. भाऊ माझ्याहून बराच लहान, अगदी कडेवर घेऊन फिरवलेला. मुरबाड रस्त्याला ते मोठं पार्क झालं ना, पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, खोट्या लाटांचा तलाव, तिथे तो कामाला लागला. आधी गेटवर उभा राहायचा, मग एका पाळण्याच्या बटणावर बसला, मग गळ्यात शिट्टी आणि हातात वॉकीटॉकी आली. मुरबाडलाच खोली घेऊन राहू लागला. आईला त्याचं कोण कौतुक! घरात कुणी टेकलं की चहाच्या आधी तेच. "आमचा पोरगा सायबांच्या मांडीला मांडी लावून बसतो." मी समोर असले तर मला हसू यायचं, पण मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या गावची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावात नवीन काही आलं, नळ म्हणा, भाताची गिरण म्हणा, एस्टी म्हणा, की त्याला पहिला हात गावातल्या जुन्या माणसाचा लागतो. ह्याला आम्ही मान म्हणतो. नळ आला तेव्हा पहिला हंडा आईने भरला होता. एस्टी पहिल्यांदा आली तेव्हा शेजारचे आबा पुढच्या सीटवर फेटा बांधून बसले, धसईपर्यंत गेले आणि चालत परत आले, कारण परतीची गाडीच नव्हती! मानाला जायचं तर अंघोळ करून, ठेवणीतलं नेसून, नारळ घेऊन. आणि मानाचं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. मानाला कुणी नाही म्हणत नाही.

हे सगळं माझ्या भावाला लहानपणापासून ठाऊक. त्यानेही बघितलेलं.

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून खळ्यात आलं होतं आणि गावभर झोडणी चालू होती. मी दोन दिवस मशीन बंद ठेवून आईच्या मदतीला गेले होते. पेंढ्याच्या कुसाने हातपाय खाजत होते, माझं डोकं आधीच तापलेलं, तेवढ्यात हा मोटरसायकलवरून आला. खळ्याच्या कडेला उभा राहून बोलला, "आई, आमच्याकडं नवीन पाळणा आलाय. विमानाचा."

"विमानाचा म्हंजे?"

मग त्याने सांगितलं. खरं विमान नाही. एक मोठा हॉल, त्यात खुर्च्यांच्या रांगा. खुर्चीत बसायचं, छातीवर दांडा येतो, मग खुर्च्या वर उचलल्या जातात. समोर घराएवढा पडदा. पडद्यावर डोंगर, समुद्र, बर्फ सगळं खालून सरकतं, खुर्ची त्याप्रमाणे डुलते, तोंडावर वारा येतो, पाणी उडतं. माणसाला वाटतं आपण उडतोय.

"अजून कुणी म्हंजे कुणी बसलेलं नाय त्यात," तो बोलला. "मी सायबांना बोललो, पहिला मान आमच्या गावाचा. आई, तू सगळ्यांना घेऊन ये. परवा गाडी पाठवतो."

आईच्या हातातला भारा तसाच राहिला. तिला विमानाचं वेड होतं हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या शेतांवरून मुंबईला उतरणारी विमानं जातात. कापणी असो, लावणी असो, विमानाचा आवाज आला की आई वाकलेली सरळ व्हायची आणि हात करायची. भर चिखलात उभी राहून! आम्ही हसायचो. ती विचारायची, "आतल्यांना आपण दिसत असू काय गो?" ती कधी विमानात बसणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि त्याचं तिला दुःख वगैरे नव्हतं. पण हौस होती.

संध्याकाळी ती घरोघर सांगत फिरली. बायका लगेच तयार. आबा मात्र पडवीत बसून विडी चोळत राहिले. बोलले, "खळ्यावर भात हाय. आभाळाचा भरवसा नाय. ह्यो मान नक्की हाय ना?"

"माझ्या पोराचा शब्द हाय," आई बोलली. आबा तरी विडीच चोळत राहिले. तेव्हा ती जरा चिडली. "बरं, त्याचा नको. माझा शब्द हाय. माझ्या शब्दावर येशील ना?"

आबा विडी पेटवून बोलले, "तुझा असंल तर येतो."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. गावात आईच्या शब्दाला किती किंमत होती ते मी काय सांगू. भांडण लागलं की दोन्हीकडची माणसं तिच्या ओट्यावर यायची. तिने एकदा 'हो' म्हटलं की कुणी पुन्हा विचारत नसे. पोराने आईच्या तोंडून नेमका तोच शब्द उसना नेला, आणि आम्हाला पत्ताच नाही.

ठरल्या दिवशी पार्कची गाडी आली. आईने जांभळं नऊवारी लुगडं नेसलं होतं, माझ्या लग्नातलं. शेजारच्या काकीने नथ घातली होती. आबांचा फेटा. ताटात नारळ, हळदकुंकू, फुलं, उदबत्ती. गाडीत बायकांनी गाणी धरली आणि मुरबाड येईपर्यंत सोडली नाहीत. झोडणीच्या दिवसांत असं सगळं गाव एकदम बाहेर पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कापलेलं भात खळ्याखळ्यावर तसंच पडलेलं.

गाडी पुढच्या गेटने गेली नाही. मागच्या बाजूला, जिथे सिमेंटची पोती आणि पाइप पडलेले होते, तिथे थांबली. मी भावाला विचारलं, "इकडून काय रे?" तो बोलला, "ताई, पुढं रंगकाम चालू हाय." मला खटकलं. हार नाही, तुरा नाही, स्वागताला कुणी नाही. पण आई इतकी खुशीत होती की मी जीभ चावली. माझ्यासारखीने जीभ चावणं म्हणजे काय ते माझ्या नवऱ्याला विचारा.

दारातच वजनकाटा ठेवला होता. एकेकाला वर उभं करायचे, एक माणूस वजन बघायचा आणि छातीवर नंबराचा गोल कागद चिकटवायचा. बायका लाजायला लागल्या, आपसात खिदळायला लागल्या. आई काट्यावर चढली आणि हसत भावाला बोलली, "काय रे, गुळानं तोलतोस काय आमाला?"

आमच्याकडे नवस फेडताना माणसाला गुळाने तोलतात. हा भाऊ जन्मला तेव्हा इतका अशक्त होता की जगेल असं वाटत नव्हतं. आईने म्हसा गावच्या देवाला नवस बोलला आणि पुढे जत्रेत त्याला तराजूत बसवून गुळाने तोललं. तो पारड्यात बसून गूळ चाटत होता, मला आठवतं. म्हणून तिला वजनकाटा म्हटलं की मानच वाटला. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. आणि हा काय बोलला माहीत आहे? हसला आणि बोलला, "व्हय आई, तसंच समज."

तसंच समज! तिथे तरी सांगता आलं असतं त्याला. ते दोन शब्द आठवले की अजून माझ्या हातातली कात्री थांबते.

काट्यावरून उतरून आईने मागच्या बायकांना सांगितलं, "तोलतायत गो आपल्याला." मग काय, सगळ्या ताठ मानेने काट्यावर चढायला लागल्या. काकी तर दोनदा चढली.

हॉलच्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पूजा करायची तर चपला काढायच्याच. आईने पहिल्या खुर्चीला हळदकुंकू लावलं, तेवढ्यात पाळणा बसवायला आलेला इंजिनीयर धावत आला. हिंदी बोलणारा माणूस होता. "अरे, वो सेन्सर है, उसपे मत लगाओ!" भावाने त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मग नारळ बाहेर पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्या इंजिनीयरलाही दिला. त्याने तो खाल्ला नाही, हातात धरून उभा राहिला. त्याची नजर आमच्याकडे वर होत नव्हती. आता वाटतं, त्याला निदान तेवढी लाज होती.

आणि मग आम्ही उडालो.

ते मी खोटं सांगणार नाही. ते सुंदर होतं. आई माझ्या शेजारी, पलीकडे काकी. दांडा छातीवर आला, दिवे गेले, खुर्ची पायाखालून उचलली गेली आणि पोटात एकदम खड्डा पडला. काकी ओरडली, "मेले गो बाय!" समोर पडद्यावर बर्फाचे डोंगर उघडले आणि आम्ही त्यांच्या टोकांवरून निघालो. गार वारा तोंडावर आला. आईने पदर डोक्यावर घेतला. मग समुद्र आला, खुर्च्या पुढे कलल्या, आम्ही पाण्याला टेकतोय असं वाटलं आणि खरंच तोंडावर पाणी उडलं. मागच्या रांगेत आबा हसत होते. ते इतके मोठ्याने हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. मग कुठलंसं शेत आलं, परदेशातलं असणार, हिरवंगार, आणि त्यात माणसं काम करत होती, मुंगीएवढी. आई बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन बोलली, "म्हंजे वरून काय दिसत नाय गो. इतकी वर्षं मी उगाच हात करत होते." आणि हसली. तिने माझा हात धरला होता तो तसाच घट्ट धरून ठेवला.

त्या घडीला मला भावाचा इतका अभिमान वाटला! घरी गेल्यावर त्याची दृष्ट काढायची असंही मनात आलं.

खुर्च्या खाली आल्या. आम्ही उतरणार तर माईकवरून भावाचा आवाज आला. "कुणी उतरू नका. नंबर सांगतो तसं जागा बदला." मग जाडी माणसं सगळी डावीकडे बसवली, काटक माणसं उजवीकडे. आम्ही तिघी उजवीकडे, शेजारीशेजारीच. पुन्हा उडालो. पुन्हा जागा बदलल्या. पुढची रांग रिकामी ठेवून सगळ्यांना मागे कोंबलं, पुन्हा उडालो. तिसऱ्या की चौथ्या वेळेला मला मळमळायला लागलं. डोंगर तेच, समुद्र तोच, पाणी तिथेच उडायचं. काही बायकांनी डोळे मिटून घेतले. कुणी पाणी मागितलं तर मिळेना.

"हे काय गो चाललंय?" काकीने विचारलं.

आई बोलली, "मानाचे फेरे असतील. पाच तरी घालतातच ना." तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण ती ठामपणे बोलली आणि म्हणून सगळे बसले.

मग मधेच कुठेतरी खाडकन आवाज झाला आणि खुर्च्या वरच थांबल्या. तशाच, एका अंगाला कललेल्या. डावीकडची माणसं खाली, आम्ही वर, सगळं वजन दांड्यावर. पडद्यावरचा समुद्रही थांबला, लाट उचललेली तशीच. वारा बंद झाला. माईकवर भाऊ बोलला, "घाबरू नका, हात आत ठेवा, दोन मिनिटं." मग त्याला वाटलं माईक बंद झाला. तो झाला नव्हता.

आधी इंजिनीयरचा आवाज आला. "देख, मैंने बोला था, रेत की गोणी आने दे. आदमी लटका के लोड टेस्ट नहीं करते."

मग माझ्या भावाचा. "सर, गोणी से ये लोग अच्छे हैं. गोणी हिलती नहीं. ये हिलते हैं तो असली लोड मिलता है."

"और बाहर जाके किसी ने बोल दिया तो?"

"कुछ नहीं बोलेंगे सर. मेरी माँ के बोलने पे आए हैं. मैंने बोला है पहला मान आपका. शाम तक बिठाओ, बैठेंगे. जाते टाइम एक एक वडापाव दे देंगे."

आमच्याकडे हिंदी सगळ्यांना कळते. मुरबाडच्या कारखान्यांत कामाला गेलेली माणसं आहेत, रोज टीव्ही बघणाऱ्या बायका आहेत. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.  त्या अंधारात, तशा कललेल्या अवस्थेत काकीने अगदी हळू विचारलं, "म्हंजे आमी गोणी?"

आईने माझा हात सोडला. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

पण माझं तोंड कोण धरणार? मी जीव खाऊन ओरडले, "ए मेल्या! माईक चालू हाय तुझा!"

खट्ट. माईक बंद झाला.

खुर्च्या खाली यायला बराच वेळ लागला. दांडा सुटल्याबरोबर मी धावले ती त्या काचेच्या केबिनपाशी. भाऊ बाहेर आला होता. कपाळाला घाम. मला वाटलं होतं तो पाया पडेल, रडेल, निदान मान खाली घालेल. त्याने काय केलं? मला बाजूला ओढलं आणि खालच्या आवाजात बोलला, "ताई, तू उगाच वाढवू नको. कुणाला काय झालं काय? चकटफू बसायला मिळालं. आईची हौस भागली."

"गोणी बोललास आमाला!"

"तसं बोलायला लागतं साहेबांपुढं. उद्या तपासणी हाय. गोणी आल्या नाय वेळेवर. मीच बोललो, माणसं आणतो. माझी जागा पक्की व्हायची हाय, तुला समजत नाय काय?"

"मग तसं सांगायचं ना आईला. माझं काम अडलंय, या, असं."

"आणि आलं असतं कोण?" तो आता चिडला होता, उलट माझ्यावरच. "ऐन झोडणीत, माझ्या कामाला? मान बोललो म्हणून आली सगळी."

त्याने नेमका शब्द निवडला होता. नुसतं खोटं बोलला असता तर मी एखाद्या दिवशी विसरले असते. पण ज्या एका शब्दाला आमचं गाव नाही म्हणत नाही, तो शब्द त्याला घरातून माहीत होता. आईने शिकवलेला. तोच त्याने आम्हाला तिथे आणायला वापरला.

आबा मागे येऊन उभे होते ते आम्हाला दिसले नव्हते. फेटा काढून काखेत धरला होता. ते बोलले, "आलो असतो रे. एकदा तोंडानं बोलला असतास तर आलो असतो. तुझ्या बापानं बोलावल्यावर त्याच्या लावणीला सगळं गाव नव्हतं आलं?"

भाऊ पाठ फिरवून केबिनमागे गेला.

आई तोपर्यंत दाराशी गेली होती, चपलांच्या ढिगापाशी. सगळी माणसं आपापल्या चपला शोधत होती आणि एकमेकांकडे बघणं टाळत होती. आईने हात जोडले. माझ्या आईने गावात देवापुढे आणि थोरल्यांपुढे सोडून कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. लेकीसुनांच्या वयाच्या पोरी होत्या तिथे. त्यांच्यापुढेही तिने हात जोडले आणि बोलली, "माझ्या शब्दावर आलात. माझं चुकलं."

"अगो, तुझं काय त्यात," कुणीतरी बोललं.

"शब्द माझा होता," ती बोलली. तेवढंच.

भाऊ पिशव्या घेऊन आला, वडापावच्या. "आई, खाऊन घ्या, गाडी सोडेल तुमाला." ती त्याच्या अंगावरून पुढे गेली, तिथे खांब असता तर जशी गेली असती तशी. कुणी वडापावला हात लावला नाही. सकाळपासून सगळे उपाशी होते आणि तळलेल्या वड्यांचा वास येत होता, पण एकानेही लावला नाही, हे मी माझ्या गावाबद्दल अभिमानाने सांगते. पार्कच्या गाडीतही कुणी बसलं नाही. मागच्या गेटने बाहेर पडून सगळे रस्त्याला आले आणि एस्टीची वाट बघत उभे राहिले. ठेवणीतली लुगडी, नथी, आणि छातीवर नंबर. येणारीजाणारी माणसं बघत होती. मी एकेकीचा कागद ओढून काढत सुटले. आईचा काढताना तो जांभळ्या कापडाला धरून बसला होता, जरीचे थोडे धागे निघालेच.

दुसऱ्या दिवसापासून आई दुसऱ्यांच्या खळ्यावर जाऊ लागली. ज्यांचा ज्यांचा दिवस तिच्या शब्दावर मोडला होता, त्या प्रत्येकाच्या खळ्यावर झोडायला. "राहू दे गो, काय वेडी झालीस काय," असं सगळ्यांनी सांगून बघितलं. आबांनी तर तिच्या हातातला भारा काढून घेतला. ती दुसरा उचलून झोडायला लागली. तिचं स्वतःचं भात सगळ्यात शेवटी झोडून झालं. मी शहापुराहून जमेल तेव्हा जात होते. गिऱ्हाइकांचे ब्लाउज रखडले, शिव्या खाल्ल्या.

गाव तसं वाईट नाही. पण गाव आहे. बायका एकमेकींना "काय गो गोणी, चाललीस कुठं?" म्हणून हाका मारायला लागल्या. हसण्यावारी नेत होत्या, बिचाऱ्या, दुसरं काय करणार. आईसमोर कुणी तसं बोलत नसे. पण एक गोष्ट झाली, ती मी बघितली. पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत काहीतरी लागलं होतं, आणि आईने नेहमीसारखं सांगितलं, "उद्या सोडतील पाणी, मी बोलले हाय त्यांच्याशी." समोरची पोर अगदी साधेपणाने बोलून गेली, "नक्की ना, मावशी?" त्या पोरीच्या मनात काही नव्हतं. पण आजवर आईला असं कुणी विचारलेलं नव्हतं. आई बोलली, "नक्की." आणि घरात येऊन पाटावर बसून राहिली.  मला तेव्हा त्या भावाचा इतका संताप आला की तो समोर असता तर थोबाडच रंगवलं असतं.

तो आला पुढे, चांगला महिना उलटून गेल्यावर. पाळणा सुरू झाला होता, तिथे रांगा लागत होत्या, आणि ह्याची जागा पक्की झाली होती. नवीन शर्ट, हातात पेढ्यांचा खोका. मी त्या दिवशी तिथेच होते. मला वाटलं, आता आई बोलेल. मीही बोलायची तयारी करून ठेवली होती, एकेक वाक्य घासून.

 तो मागच्या दाराने, नेहमी यायचा तसा, सरळ चुलीकडे निघाला, तर आई मधे येऊन उभी राहिली. "आत पसारा हाय," बोलली. "भायेर बसा." पडवीत प्लास्टिकची खुर्ची मांडली, जी तलाठी आले की मांडते ती. पदराने पुसलीसुद्धा. तांब्याभांडं आणून ठेवलं. पेढ्यांचा खोका देवापुढे ठेवला, एक पेढा त्याला दिला. मुरबाडला थंडी कशी आहे ते विचारलं.

मग जेवायला वाढलं. चपात्या केल्या तिने, बटाट्याची भाजी, पापड, वर लोणचं. स्टुलावर ताट मांडून, पडवीत. मी आत चुलीपाशी बसले होते. आमच्या दोघींसाठी तांदळाची भाकरी होती आणि तव्यावर सुकट परतलेली, लसूण घालून. लहानपणी ह्या सुकटीसाठी आम्हा भावंडांची मारामारी व्हायची.

पडवीतून त्याचा आवाज आला. "आई, सुकट केलीस काय गो? वास येतो."

आई दारात उभी होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती.

"केली हाय," ती बोलली. "ती घरच्यांसाठी. पाहुण्यांना नाय वाढत."

 मी तयार ठेवलेली सगळी वाक्यं गिळली. तो चपाती खाऊन उठला, हात धुतले. आई अंगणापर्यंत त्याच्याबरोबर गेली आणि त्याने मोटरसायकल सुरू केली तेव्हा बोलली, "या पुन्यांदा." जनगणनेला आलेल्या मास्तरांना बोलली होती, अगदी तसंच.